एकोणीस कोऱ्या सकाळी

ताईचं लग्न ठरलं तेव्हा मुलगा लायब्ररी सांभाळतो एवढंच आमच्या कानावर आलं होतं, आणि जावई वाचणारा मिळाला म्हणून आई खूश झाली होती. भाऊजींनी जन्मात चार कादंबऱ्या वाचल्या नसतील. त्यांची लायब्ररी म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी करून ठेवलेली लहानसहान हत्यारं. यादीतला सगळ्यात मोठा आकडा शोधणं, अपूर्णांक जवळच्या पूर्णांकावर आणणं, सरासरी काढणं. ही कामं सगळ्यांनाच लागतात, मग प्रत्येकाने ती नव्याने कशाला लिहायची? भाऊजी आणि त्यांचे दोन सोबती ती एकदाच नीट लिहून ठेवत, आणि कुठले कुठले अनोळखी लोक ती फुकट वापरत.

"तुझी कात्री, टेप, टाचण्या असतात ना, तसं," ते मला म्हणाले. मी शिवणकाम करते.

"माझी कात्री मी फुकट कुणाला देत नाही, भाऊजी."

ताई हसून लोटपोट झाली. ते मात्र विचारात पडले, जणू मी काही मुद्द्याचं बोलले होते. खरं सांगायचं तर मला हा माणूस पहिल्यापासून थोडा टोचायचा. फार सरळ माणसांपुढे आपण उगाचच वाकडे दिसतो. ताई म्हणायची, "यांना विचारावं मीठ किती घालू, तर म्हणतात, आधी पाणी किती आहे ते सांग."

एकदा त्यांचं सोबत्यांशी तीन दिवस वाजलं. प्रश्न एवढासा. सरासरी काढताना यादीतली एखादी जागा कोरी असली तर काय करायचं? सोबती म्हणत, शून्य धरा. भाऊजी म्हणत, कोरी जागा गाळा आणि उरलेल्यांची सरासरी काढा. "ज्याने उत्तरच दिलं नाही, त्याच्या तोंडी शून्य घालणं म्हणजे खोटं बोलणं," असं ते जेवताना आम्हालाही पटवत होते. शेवटी त्यांचंच खरं झालं. त्या दिवशी त्यांनी ताईसाठी निळी शाल आणली. एरवी ते भाजीसुद्धा सांगितल्याशिवाय आणत नसत.

मग ताईला फुप्फुसांचा आजार झाला. डॉक्टरीणबाईंनी बोटाला लावायचा चिमटा दिला. रोज सकाळी रक्तातला ऑक्सिजन बघायचा, लिहून ठेवायचा. आठवड्याची सरासरी नव्वदच्या खाली गेली तर थांबायचं नाही, तिला घेऊन यायचं. उशीर केला तर हाती काही राहणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. भाऊजी सकाळी सातला कामावर निघत आणि ताई आठला उठे. म्हणून त्यांनी तिच्या फोनवर एक चौकट करून दिली. ताईने आकडा टाकायचा, सरासरी आपोआप निघून त्यांच्या कामाच्या टेबलावरच्या पडद्यावर दिसायची. आकडेमोड अर्थातच त्यांच्या स्वतःच्या लायब्ररीची. दुसऱ्या कुणावर त्यांचा एवढा विश्वास नव्हता.

त्र्याण्णव. चौऱ्याण्णव. पुन्हा त्र्याण्णव. महिनाभर आकडा हलला नाही. संध्याकाळी घरी आले की ते तिला म्हणत, "छान चाललंय तुझं." ती म्हणे, "हो ना." ती हल्ली बसूनच भाजी निवडते आणि बसूनच केस विंचरते, हे त्यांनी पाहिलं असणारच. पण आकडा चांगला होता, आणि आकड्यावर त्यांचा डोळ्यांपेक्षा जास्त भरवसा होता.

ताईला उचलूनच दवाखान्यात न्यावं लागलं. चौथ्या दिवशी ती गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दहा दिवस आधी आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं."

त्यानंतर भाऊजींनी सगळ्या नोंदी छापून काढल्या. मी गेले तेव्हा तो कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर होता. तीस सकाळी. अकरा आकडे, एकोणीस जागा कोऱ्या. बरं वाटत नसेल त्या सकाळी ताई आकडा टाकतच नव्हती. खोटा आकडा टाकणं तिला जमलं नसतं, आणि खरा टाकला तर दवाखाना होता. आणि भाऊजींची सरासरी त्या कोऱ्या जागा नियमाप्रमाणे गाळत होती. चांगल्या सकाळींची सरासरी चांगलीच येणार.

"गणित बरोबर आहे," ते म्हणाले. "मी तीनदा तपासलं. किती गाळल्या, हे मात्र मी एकदाही विचारलं नाही."

माझं डोकं फिरलं. मी त्यांना नाही नाही ते बोलले. बायको समोर धापा टाकत होती आणि तुम्ही पडद्याकडे बघत बसलात, तुम्हीच मारलंत माझ्या बहिणीला, असंही बोलले. ते "बरोबर आहे तुझं," एवढंच म्हणाले. पुढच्या आठवड्यात त्यांनी लायब्ररी सोबत्यांच्या हवाली केली आणि काम सोडलं. सोबत्यांनी फार समजावलं, की नियमात चूक नव्हती. त्यांनी ऐकलं नाही.

आता जे लिहायचं ते लिहिते. त्या एकोणीस सकाळी कोऱ्या नव्हत्या. ताई मला फोन करायची. "आज फार दम लागतोय गं. त्यांना सांगू नकोस, तुला माझी शपथ. लगेच दवाखान्यात टाकतील." मी मशीनवर बसल्या बसल्या फोन खांद्याला लावून म्हणायची, "पडून राहा जरा, वाटेल बरं." सगळ्या सकाळी नाही, पण बऱ्याच. तो कागद बघताना कुठली तारीख कुठल्या फोनची, हे मला कळत होतं. तरी मी त्यांनाच बोलले. कदाचित म्हणूनच इतकं बोलले.

परवा त्यांच्याकडे गेले होते. कपाटातले ताईचे कपडे कुणाला द्यायचे ते बघत होतो. घड्या घालता घालता त्यांनी सहज विचारलं, "तुझ्याशी कधी काही बोलली होती का ती? त्या दिवसांत?"

मी म्हटलं, "नाही."

"बरं झालं," ते म्हणाले. "नाहीतर तुलाही आयुष्यभर लागून राहिलं असतं."