कुणी मागणार नाही असं घड्याळ

नाउसोरीच्या बाजारात माझं घड्याळांचं दुकान आहे. विमानतळ हाकेच्या अंतरावर, त्यामुळे आमच्या देशातल्या लांबलांबच्या बेटांवर छोटी विमानं नेणारे बहुतेक वैमानिक माझीच गिऱ्हाइकं. वैमानिकाला घड्याळ विकणं सोपं नाही. ‘मला फक्त उपयोगाचं हवं’ असं तो म्हणतो आणि प्रत्येक घड्याळ मनगटावर चढवून आरशात बघतो. मी आरसा पुसून ठेवतो.

एमोसी त्यातलाच. मोआला बेटाचा, उंचापुरा, खांद्यावर चार पट्टे. चार वर्षांत त्याने माझ्याकडून सहा घड्याळं घेतली, आणि एकही त्याच्या मनगटावर टिकलं नाही. हरवलं नाही की बिघडलं नाही, सगळी गावात गेली. आमच्याकडे केरेकेरेची रीत आहे. नातलगाने तुमच्या अंगावरची वस्तू मागितली की काढून द्यायची, तोंड वाकडं करायचं नाही. काळ्या तबकडीचं पहिलं घड्याळ मामाने मागितलं. दुसरं आतेभावाने, तिसरं पाद्रीबाबांनी. पाद्रीबाबा नात्यातले नव्हते, पण त्यांना नाही कोण म्हणणार? या रीतीबद्दल मी कधी वाईट बोललो नाही. माझं दुकान बरं चालत होतं.

मग एकदा तपासणी अधिकारी त्याच्या शेजारी बसून उडाला. टाकीतलं इंधन किती मिनिटं पुरेल याचा हिशेब वैमानिक हातातल्या घड्याळावर ठेवतो, आणि एमोसीचं मनगट मोकळं. सहावं घड्याळ आदल्याच रविवारी धाकट्या चुलत्याकडे गेलं होतं. पुन्हा हात रिकामा दिसला तर विमानात पाऊल ठेवू देणार नाही, असं त्या अधिकाऱ्याने लेखी दिलं.

एमोसी तसाच दुकानात आला आणि म्हणाला, “कांती, कामाचं असेल, दिसायला झकास असेल, पण कुणी मागणार नाही असं घड्याळ दे.”

तीन वर्षं न खपलेलं एक घड्याळ माझ्याकडे पडून होतं. वैमानिकासाठी खरोखर उत्तम. काळी, न चमकणारी तबकडी, त्यावर पांढरे ठसठशीत आकडे, मिनिटं धरून ठेवायला भोवती फिरणारं कडं. पट्टा जाड विणीचा, कारण चामडं आमच्या दमट हवेत सहा महिन्यांत कुजतं. गोची एकच होती. तासकाटा दिवसातून एकदाच फिरायचा, चोवीस आकड्यांवरून. वैमानिक नोंदी लंडनच्या वेळेत लिहितात, म्हणून ते लंडनच्या वेळेला लावलेलं. खरं तर लंडन आणि आमच्यात बरोबर बारा तासांचं अंतर, साध्या घड्याळात दोन्हीकडची वेळ एकदम दिसते. देवाने आमच्या वैमानिकांवर केलेली ही मेहेरबानी एमोसीने पैसे देऊन नाकारली.

गावात मामाने ते घड्याळ उलटसुलट करून पाहिलं. बाहेर भर दुपार आणि काटा शून्यावर.

“हे बिघडलंय रे.”

“नाही मामा, लंडनचं आहे.”

“मग लंडनलाच राहू दे,” मामा म्हणाला.

ते कुणीच मागितलं नाही. एमोसी अरवीचे कंद घेऊन माझे आभार मानायला आला. माझं एक पक्कं गिऱ्हाईक गेलं होतं, तरी मी कंद ठेवून घेतले. पुढे वर्षभर तो अधूनमधून यायचा आणि फुशारकीने सांगायचा की लोकांची मागायची सवयच सुटली, आता त्याचे बूट कुणी मागत नाही, गॉगल मागत नाही, विमानात फुकट जागाही मागत नाही. आपण सुटलो, असं त्याला वाटत होतं. मलाही तसंच वाटलं.

जूनमध्ये त्याच्या मुलीचं, वासितीचं लग्न ठरलं. तिकडे लग्न म्हणजे चटया. नवरीच्या पायाखाली चटयांचे जितके थर, तितकी माणसं तिच्यामागे उभी आहेत असं मानतात. विणणाऱ्या बायकांत उनाइसी आत्याचा शब्द शेवटचा. लहानपणी तिनेच एमोसीला अंगाखांद्यावर वाढवलेलं. यांगोनाच्या, म्हणजे कुटून पेय करायच्या मुळ्यांची जुडी भेट म्हणून घेऊन तो तिच्याकडे गेला. घरात सगळे जमिनीवर बसले होते. तो आत आला तसा कुणीतरी शाळेतून पाहुण्यांसाठी ठेवलेली प्लॅस्टिकची खुर्ची आणली.

“बसा कॅप्टन,” आत्या म्हणाली. “किती चटया लागतील ते सांगा, विणून ठेवू.”

हे सांगताना एमोसी माझ्या काउंटरवरची काच बोटाने पुसत होता.

“खुर्ची दिली, कांती. आत्याने मला खुर्ची दिली.”

मला त्याचं वाईट वाटलं. त्या घड्याळात माझाही हात होताच. मी खण उघडून सगळं त्याच्यापुढे मांडलं. त्याने नेमकं सोनेरी कड्याचं, आत आणखी तीन इवल्या तबकड्या असलेलं उचललं. काचेवर ऊन असं झळकायचं की विमानात डोळेच दिपावेत. हे तुझ्या काही कामाचं नाही, असं मी स्पष्ट सांगितलं.

“मला याचंच काम आहे,” तो म्हणाला. जुनं त्याने खिशात टाकलं, उडण्यापुरतं.

पुढच्या आठवड्यात तो गावी गेला. खुर्ची बाजूला सारून चटईवर बसला, हात गुडघ्यावर ठेवून, सगळ्यांना दिसेल असा. यांगोनाची वाटी दोनदा फिरली. मामाने घड्याळाकडे पाहिलं आणि नजर वळवली. वर्षभराची सवय अशी तासाभरात मोडत नाही. कुणी काही मागेना. हे मला एमोसीनेच नंतर सांगितलं.

उनाइसी आत्या ताडाच्या पानांच्या जुन्या पंख्याने वारा घेत होती. कड उसवलेली, दांडा काळा पडलेला.

“आत्या,” एमोसी म्हणाला, “तो पंखा मला दे.”

आत्याचा हात थांबला. नोकरी लागल्यापासून त्याने तिच्या हातातलं काही कधी मागितलं नव्हतं. तिने पंखा त्याच्या मांडीवर ठेवला.

मग म्हणाली, “माझा हात रिकामा केलास ना? काढ ते घड्याळ. आणि चटया किती ते तू नाही सांगायचं. ते आम्ही बघू.”

लग्नाला मीही गेलो होतो. चटयांचे थर इतके चढले होते की वासितीला हात देऊन वर घ्यावं लागलं. एमोसी खाली जमिनीवर, मामा आणि चुलत्यांच्या ओळीत मांडी ठोकून बसला होता. अंगावर नवा शर्ट होता, तोही संध्याकाळपर्यंत कुणीतरी मागून नेला.

आजा बोटीतून ऊस तोडायला इथे आला, पण माझा जन्म याच देशातला, बापाचाही. मी दारात दिसताच दोन पोरी धावत शाळेत गेल्या आणि माझ्यासाठी खुर्ची घेऊन आल्या.