नानांनी घरी आणलेली भट्टी

वाचकांनी आधी क्षमा करावी. कचेरीत जन्मभर दुसऱ्यांच्या सहीसाठी मसुदे लिहिलेल्या माणसाने निवृत्तीनंतर स्वतःच्या नावाने काही लिहावे, हे माझे मलाच पुरते पटलेले नाही. पण माझ्या धाकट्या बहिणीच्या सासऱ्यांइतका लोखंडावर जीव असलेला माणूस साऱ्या खानदेशात दुसरा नसावा, आणि तो मला कधीच नीट उमगला नाही. म्हणून हे धाडस.

त्यांना सगळे नाना म्हणतात. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचे केळीचे शेत आहे आणि शेतापलीकडे नाल्याकाठी इंग्रज साहेबाच्या काळातल्या लोखंडाच्या कारखान्याचे अवशेष. अवशेष म्हणजे विटांची अर्धी कमान आणि गवतात बुडालेला एक चौथरा. या चौथऱ्याला नाना एका भेटीत भट्टी म्हणत, पुढच्या भेटीत भात्याची जागा, आणि तिसऱ्या वेळी ‘आठे साहेब चहा पिये’, म्हणजे इथे साहेब चहा पीत असे, असे अहिराणीत ठणकावून सांगत. मी तिन्ही वेळा मान डोलावली. जुन्या भोंग्यातले लोहचुंबक दोरीला बांधून ते सदैव खिशात बाळगतात. बहिणीच्या साखरपुड्यात त्यांनी ते आमच्या वाटीला लावून पाहिले. चिकटले नाही, म्हणजे स्टील चांगले, म्हणून आम्ही सुखावलो. नानांचा चेहरा मात्र पडला. ‘यामा लोखंडच नही, भाऊ,’ ते हळहळले, आणि मग आमच्या आईला बरे वाटावे म्हणून पुढे म्हणाले, ‘पण पोरगी चांगली शे.’

लोखंड गाळताना निघालेली मळी थिजून झालेले काळे, काचेसारखे दगड नाल्याकाठी पडलेले असत. चुंबक चिकटले की ते साहेबाचे लोखंड. न चिकटले, तर साहेबाने त्यातले लोखंड काढून घेतले. दोन्हीकडून कारखाना सिद्ध होई, आणि मी पुन्हा मान डोलावी. मी बहिणीकडे गेलो की नाल्याकाठी आमची फेरी ठरलेली, आणि दर फेरीला नाना एक-दोन दगड घरी आणत. ‘नही ते कोन्ही बांधमा टाकी दी,’ ही त्यांची भीती. वर्षानुवर्षे आणलेले ते दगड घासूनपुसून पापडांच्या कापडावर, दाराच्या फटीत, तुळशीपाशी, असे घरभर विसावले. अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणत, ‘दुसऱ्यासन्या बाया सोनं मिरावतस, मी दगड पुसस!’

नानांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: कमानीच्या उरलेल्या विटाही लोकांनी नेण्याआधी तिथे सरकारी पाटी लागावी. या हिवाळ्यात त्यासाठी जागा पाहायला पुरातत्त्व खात्यातल्या एक बाई खरोखरच आल्या. नाना कडक इस्त्रीची टोपी घालून सज्ज होते, आणि सोबतीला मी. बाईंनी गवत बाजूला सारून पुष्कळ पाहिले आणि विचारले, ‘नाना, इथे मळीचा ढीग असायला हवा होता. तो कुठे गेला?’

नानांचा चेहरा उजळला. ‘बठ्ठी मळी मना घर शे, ताई! एक टुकडा बी गमाडेल नही!’

बाई चौथऱ्यावर बसल्याच. मग हळू आवाजात म्हणाल्या, ‘नाना, ढीग जिथे असतो, त्यावरून भट्टी कुठे होती ते आम्हाला कळतं. आता मी कुठे खणायला सांगू? आणि भट्टी सापडल्याशिवाय पाटी कशी लागणार?’ जाताना त्यांनी एवढेच सांगितले, की आठवत असेल तर दगड कुठून उचलले त्या जागी खुणा करून ठेवा, मी पुन्हा येईन.

नुसत्या खुणा कशाला, दगडच जागच्या जागी ठेवू, असे नानांनी ठरवले आणि दुसऱ्या दिवशी दगड ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढले. जन्मभर कुरकुरणाऱ्या अक्कांनी तुळशीपाशी ठेवलेला दगड स्वतःच्या हाताने आणून दिला. नाल्याकाठी नाना एकेक दगड हातात घेऊन फिरवत, चार पावले इकडे जात, चार तिकडे, आणि शेवटी माझ्याकडे पाहत.

‘हाऊ आठलाच व्हता ना, भाऊ?’

इतक्या फेऱ्यांना मी सोबत होतो. पण दगड उचलताना मी नेहमी नानांचा आनंदी चेहराच पाहिला होता, जमीन कधी पाहिली नव्हती. मी ‘हो’ म्हणालो. पुढच्या दगडालाही ‘हो’. सायंकाळी कमानीजवळ एक सुबक ढीग उभा राहिला, आणि त्याच्याकडे पाहून नानांनी बाई गेल्यापासून प्रथमच टोपी नीट केली.

बाई परवा येणार आहेत. ढीग पाहून ‘हे दगड इथलेच कशावरून?’ असे त्या आधी नानांना विचारतील, आणि नाना माझ्याकडे बोट दाखवतील. मी बाईंना काय सांगू?