तोंडात टाचण्या धरणारी बाई

साप्ताहिकाच्या कचेरीत तिला सगळे फुगेवाली म्हणत. चित्रकथेत माणसांच्या डोक्यावर बोलण्याचे जे फुगे असतात, ते आखायचे आणि त्यांत सुवाच्य अक्षरांत मजकूर भरायचा, हे काम ती एकतीस वर्षं करत होती. गोष्ट एकाची, चित्रं दुसऱ्याची आणि अक्षर हिचं. मुलांच्या त्या साप्ताहिकात राजे, चोर, अंतराळवीर आणि बोलणारी कासवं असे जे कोणी तोंड उघडत, ते हिच्याच हस्ताक्षरात बोलत. ओरडायचं असलं की फुग्याची कड काटेरी, कुजबुजायचं असलं की तुटक रेघेची आणि मनातल्या मनात असलं की ढगासारखी. तिचा ‘ळ’ इतका गोल यायचा की छापखान्यातले लोक तो बोटाने चाचपून बघत.

मग संगणक आला आणि अक्षरं त्यातून पडू लागली. दोघे अक्षरवाले घरी गेले. ही राहिली, ती शेवटच्या पानावरच्या चित्रकाराच्या हट्टामुळे. माझ्या पानाला हातचंच अक्षर लागतं, असं तो प्रत्येक नव्या संपादकाला पहिल्याच दिवशी बजावून ठेवायचा. त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीला तो म्हातारा काम सोडून मुलीकडे राहायला गेला. शेवटचं पान रिकामं झालं आणि त्याच्याबरोबर फुगेवालीची खुर्चीही डुगडुगू लागली.

संपादक चाळिशीचा, उंच आणि मनाने चांगला माणूस होता. बोलायला लागला की प्रश्नही तोच विचारायचा आणि उत्तरही तोच द्यायचा. एका मंगळवारी चहाच्या वेळी फुगेवालीने कपातल्या चहाकडे बघत त्याला विचारलं, शेवटचं पान मी करून बघू का? एकतीस वर्षांत तिने स्वतःहून मागितलेली ही दुसरी गोष्ट. पहिली खिडकीजवळची जागा होती, आणि तीही अजून मिळायची होती.

संपादकाने तिला तीन आठवडे दिले. नव्या चित्रकथेची आखणी करा, म्हणाला, पण आधी मला माणसं दाखवा. माणसं चांगली असली की गोष्ट आपल्या पायांनी चालत येते. चित्र काढता येतं का, हे त्याने विचारलं नाही. ते त्याला ठाऊक होतं. फुग्याखाली गेलेले कितीतरी कान आणि टोप्या तिने वर्षानुवर्षं गुपचूप पुन्हा काढून दिल्या होत्या.

पहिल्या अकरा दिवसांत तिने तीन माणसं उभी केली. एक हुशार मुलगी, तिचा तिच्याहून हुशार कुत्रा आणि एका डोळ्यावर पट्टी बांधलेला दुष्ट माणूस. संपादकाने कागद दोनदा उलटसुलट केले.

“मावशी, हात चांगला आहे तुमचा,” तो म्हणाला. “पण ह्या सगळ्यांना मी ओळखतो. ही मुलगी आपल्याच पाचव्या पानावर होती, तुम्ही तिचे केस तेवढे कापलेत. हा कुत्रा तर दोन वर्षांपूर्वी आपण बंद केला. ह्यांत तुमचं कोण आहे?”

एकतीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं लिहिलं, तेव्हा डोक्यातही दुसऱ्यांचीच माणसं राहायला आलेली. तिने कागद गुंडाळून पिशवीत घातले आणि ती घरी आली. हातात दहा दिवस उरले होते.

घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत तिची थोरली बहीण कपडे शिवायची. शिवायची म्हणजे नवे फार कमी, लोकांचे जुने कपडे आटवणं, सैल करणं, बाह्या कमी करणं, दुमड सोडणं, हेच जास्त. ताईचे यजमान गेल्यापासून दोघी एकत्र राहत होत्या, त्याला एकोणीस वर्षं झाली. खिडकीशी मशीन, मधे कापड बेतायचं लांब टेबल, भिंतीशी पुरुषभर उंचीचा आरसा. धाकटीचं लिहिण्याचं टेबल कोपऱ्यात, इस्त्रीच्या कपड्यांच्या ढिगामागे.

त्या संध्याकाळी ताईने पिशवीतले कागद काढून बेतायच्या टेबलावर पसरले. चष्मा सारखा केला. त्याची एक दांडी तुटली होती आणि तिच्या जागी काळा दोरा होता. गळ्यातली टेप काढून ती त्या दुष्ट माणसाला वरून खालपर्यंत लावून बघत राहिली.

“धाकटे, ह्याची हनुवटी संपली की लगेच गुडघे सुरू होतात,” ती म्हणाली. “मधलं अंग कुठे ठेवलंस?”

धाकटी वाकून बघायला आली. खरंच, सगळी माणसं बुटकी होती. मुलगी त्यातल्या त्यात बरी, कुत्रा तर अगदी मापात. ताईने बोट ठेवून एकेक चौकट तपासली आणि मग चूक कुठे आहे, हे धाकटीच्याच लक्षात आलं. सवयीने ती आधी फुगे आखत होती. चौकट काढली की वरची जागा बोलण्यासाठी राखून ठेवायची आणि खाली उरेल तेवढ्यात माणसं बसवायची. जो जास्त बोलेल तो जास्त बुटका. दुष्ट माणसाला लांबलचक धमकी द्यायची होती, म्हणून बिचारा जवळजवळ जमिनीत गेला होता. कुत्रा बोलत नव्हता, म्हणून वाचला.

“खिसा आधी शिवतेस आणि मग त्याला सदरा जोडतेस,” ताई म्हणाली. “असा सदरा कोणाला बसेल?”

दोघी हसत सुटल्या. चहा निवून गेला आणि पुन्हा करावा लागला.

दुसऱ्या दिवसापासून कचेरीतून आल्यावर ती कोपऱ्यातल्या टेबलाशी कोरा कागद घेऊन बसू लागली. काही सुचत नव्हतं, म्हणून समोर जे दिसेल ते काढत होती. गुरुवारी पावणेसहाला एक गृहस्थ कोटाच्या बाह्या कमी करून घ्यायला आले. ताईने त्यांना आरशासमोर हात पसरून उभं केलं, तोंडात पाच टाचण्या धरल्या आणि कामाला लागली. गृहस्थ आधी बाहीबद्दल बोलले. मग शिंप्यांबद्दल, मग हवेबद्दल. ताईच्या तोंडात टाचण्या, त्यामुळे ती नुसतं ‘अं’ म्हणायची. तेवढ्यावर गृहस्थ पुढे गेले. हा कोट खरं तर आमच्या धाकट्या भावाचा, म्हणाले. म्हणजे दोघांत एकच आहे. नाही, मीच ठेवून घेतलाय. नाही म्हणजे, परत देणार होतो. दुसरी बाही होईतो त्यांनी स्वतःशी वाद घातला, स्वतःची समजूत काढली आणि रविवारी भावाकडे जायचं ठरवूनही टाकलं. ताईने शेवटची टाचणी टोचली आणि तोंडातल्या उरलेल्या काढून टाचण्यांच्या गादीत खोचल्या.

“झालं. हात खाली घ्या.”

गृहस्थांनी हात खाली घेतले. अंगावरचं काही उतरवून ठेवावं तसा त्यांचा चेहरा झाला होता. आभार मानून ते गेले. बाह्यांबद्दल मात्र शेवटी काय ठरलं, ते विचारायचं राहूनच गेलं.

फुगेवाली पेन्सिल हातात धरून तशीच बसली. हे ती एकोणीस वर्षं बघत होती. बाया यायच्या, मुलीच्या झग्याची दुमड दोन बोटं सोडा म्हणायच्या आणि दुमड सुटेपर्यंत घरातली सगळी भांडणं मांडून, निकाल लावून जायच्या. ताईने कधी कोणाला सल्ला दिला नाही. देणार कशी, तोंडात टाचण्या! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तशी धाकटीची गत झाली होती. ती पट्टीवाल्या माणसाच्या मागे अकरा दिवस फिरली आणि बाई घरातच आरशासमोर उभी होती.

मग मात्र हात थांबला नाही. आधी माणूस आणि मग फुगा, असं तिने कागदाच्या वरच्या कडेला मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं. ताईला टेपने मापून घेतलं. डोक्याच्या सातपट उंची, खांदा किंचित डावीकडे उतरलेला, गळ्यात टेप. समोरून, बाजूने आणि पाठीमागून अशी तिन्ही अंगं काढली, म्हणजे प्रत्येक चौकटीत बाई तीच दिसेल. टाचण्या कायम पाच, चार नाहीत आणि सहा नाहीत. मग गिऱ्हाइकं. एकाच चांगल्या कोटावर दिवस काढणारे दोन म्हातारे भाऊ, थोरला ठेंगणा आणि धाकटा उंच. थोरला सोमवारी चोरून बाह्या कमी करून नेतो, धाकटा गुरुवारी चोरून त्या वाढवून घेतो, आणि दोघांनाही वाटतं, कापडच आखडतं आणि सैल होतं. एक मुख्याध्यापिका, दर वर्षी आपण बारीक होणार म्हणून कपडे मुद्दाम घट्ट करून घेणारी. एक बसकंडक्टर, खिसे सारखे फाटणारा. त्यांत तो काय ठेवतो, हे पुढे कळायचं होतं. आणि नियम एकच. सगळे बोलतील, बाई बोलणार नाही. बोलेल ती फक्त शेवटच्या चौकटीत, आणि तेच ठरलेलं वाक्य, ‘झालं. हात खाली घ्या.’

ताईने पाठमोरं चित्र बघितलं आणि ओळखलं.

“ही मी?”

“तू नाही म्हणालीस तर नाही.”

ताई बराच वेळ काही बोलली नाही. तोंडात टाचण्या नसताना असं क्वचितच व्हायचं.

“नाक आहे तसं ठेव,” ती शेवटी म्हणाली. “पण चष्मा नवा दे. जगाला दोरा दाखवायची काय गरज आहे?”

दोऱ्याशिवाय ती बाई तीच राहत नाही, असं धाकटीचं म्हणणं होतं. त्यावर दोन दिवस बोलाचाली झाली आणि दोऱ्याचा निकाल पान मिळाल्यावर लावायचा, असं ठरलं. इकडे टाचण्या नसल्या की ताईच्या तोंडात तीळ भिजत नसे. शनिवारपर्यंत खालच्या मजल्यावरच्या बाईंपासून कोपऱ्यावरच्या चांभारापर्यंत सगळ्यांना कळलं होतं की ताई छापून येणार. चांभाराने तर अंक राखून ठेवायला सांगितला. आता पान मिळालं नाही, तर कचेरीतली खुर्ची जाणार ती जाणारच, वर जिन्यातून चढता-उतरताना प्रत्येकाला खुलासा द्यावा लागणार.

सोमवारी सव्वादहा वाजता ती संपादकाच्या खोलीत गेली. पान मोठं होतं. संपादक खिडकीशी गेला, दोन्ही हातांनी ते उजेडात उंच धरलं आणि वाचू लागला. दोन ठिकाणी हसला. म्हाताऱ्या भावांपाशी पुन्हा वर जाऊन वाचलं.

“माणसं तुमची आहेत,” तो पान तसंच धरून म्हणाला. “पण मावशी, ही बाई बोलत का नाही? मुलांना बोलणं लागतं. प्रत्येक चौकटीत हिच्या डोक्यावर एक छोटा फुगा द्या, आणि पान तुमचं.”

एक छोटा फुगा. जन्मभर तिने कोणालाही मागेल तेवढे फुगे दिले होते. कासवाला दिले, ढगाला दिले, एकदा तर एका बुटाला दिला. हो म्हणायचा अवकाश होता. खुर्ची राहिली असती, चांभाराला अंक मिळाला असता. ‘देते’ हा शब्द अगदी ओठांशी आला. पण फुगा दिला की बाई बुटकी होणार, हे तिला टेपने मोजल्यासारखं दिसत होतं. नाही कसं म्हणायचं, ते मात्र सुचेना. म्हणून ती मिठाची गुळणी धरून उभी राहिली.

संपादकाने पान उजेडात आणखी उंच धरलं. मग, काहीच नाही, छोटाच फुगा, असं पुन्हा म्हणाला. ती गप्पच. तेव्हा त्याने स्वतःच विचारलं, ही बोलायला लागली तर काय म्हणेल? आणि स्वतःच सांगितलं, म्हणेल की भावाला कोट देऊन टाका. मग म्हातारा हो म्हणेल आणि संपलंच. पुढच्या आठवड्याला काय छापायचं? पण मुलं विचारतील की ही गप्प का. विचारू देत, विचारलं तर बरंच की. त्याची नजर पानावर फिरत होती आणि हात अजून वरच होते. लहानपणी आमच्याकडे एक मावशी होती, तो मधेच म्हणाला, तिच्यासमोर खोटं बोलताच यायचं नाही, ती काही म्हणायचीच नाही. आणि शेवटी म्हणाला,

“नको. फुगा नको. गप्पच राहू दे तिला. बरोबर ना?”

फुगेवालीने मान डोलावली.

“झालं, साहेब,” ती म्हणाली. “हात खाली घ्या.”

संपादकाने आधी आपल्या हातांकडे बघितलं, मग पानाच्या शेवटच्या चौकटीकडे. हसू यायला त्याला एक क्षण लागला. आलं तेव्हा बाहेरच्या टेबलांवरची माणसं माना वळवून बघू लागली.

ती घरी पोचली तेव्हा ताई एका बाईंच्या कमरेशी वाकून टाचण्या लावत होती. मान वर करून तिने भुवया उंचावल्या. धाकटीने पिशवी खुंटीला अडकवली, हात धुतले, चहाचं आधण ठेवलं. ताईच्या भुवया तिच्यामागोमाग खोलीभर फिरल्या. शेवटी तिला राहवेना. अजून तीन टाचण्या लावायच्या होत्या, त्या तिने मुकाट्याने हातात काढून घेतल्या.

“मिळालं?”

“मिळालं. पुढच्या महिन्यापासून.”

“आणि चष्मा?”

“दोराच,” धाकटी म्हणाली आणि कपाटातून तीन कप काढले, कारण त्या बाईंचे हात अजून वर होते आणि त्या आता सगळं ऐकल्याशिवाय जाणार नव्हत्या.