एक कोयता, एक केसपेपर

दवाखान्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपल्या पायाने येतात आणि नंबर न लावता आत घुसतात! मी केडगावला एका खासगी हॉस्पिटलमध्ये फिजिशियन आहे. हल्ली आमच्याकडे 'शॅडोइंग'वाल्या मुलांची रांग असते. परदेशात मेडिकलला जायचं तर डॉक्टरांच्या मागेमागे राहून काम पाहिल्याचं पत्र लागतं, शिवाय थोडाफार रिसर्च. अट चांगलीच आहे. आपल्या लोकांनी तिची वाट लावली, म्हणून माझं डोकं फिरतं.

*

एक वडील आले. "मॅडम, शंभर तासांचं लेटर द्या. मुलगी क्लासला असते, तिला वेळ नाही."

"मग तास कोण भरणार?"

"तुम्ही असताच की दिवसभर इथे!"

*

एका मुलाने चक्क फोटोग्राफर आणला. वॉर्डात दम्याचे एक आजोबा होते, त्यांच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पोझ दिली. फोटोग्राफर म्हणाला, "आजोबा, जरा आजारी दिसा ना!"

आजोबांनी ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. "आनखी किती दिसू?"

मुलगा आणि फोटोग्राफर, दोघांनाही मी हाताला धरून बाहेर काढलं.

*

परदेशी प्रवेश मिळवून देणाऱ्या एका काउन्सेलरचा फोन. "मॅडम, ऐंशी पेशंटचा रिसर्च पेपर तयार आहे. फक्त तुमच्या हॉस्पिटलचं नाव टाकायचंय."

"कुठले ऐंशी पेशंट?"

"तेच तर! पेशंटला त्रास नको म्हणून आम्ही त्यांना विचारतच नाही."

मोबाईल आपटता येत नाही, याचं त्या दिवशी फार वाईट वाटलं.

*

आणि मग वंदना. तिसगावची. आई-वडील ऊसतोडीला जातात. परदेशातल्या एका विद्यापीठाची पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तरच तिला डॉक्टर होता येणार होतं. तीन महिने रोज एसटीने यायची आणि ओपीडीबाहेरच्या बाकावर पेशंटशेजारी बसायची. मला वाटायचं, गप्पा मारते!

पाथर्डीकडच्या ऊसतोड कामगारांचं बीपी काही केल्या उतरत नव्हतं. मी आपली डोस वाढवत होते. एक दिवस वंदना एका बाईंना घेऊन आत आली. "मॅडम, ह्या मालकांच्याच गोळ्या खातात. निम्म्या ह्या, निम्म्या ते."

मी ओरडलेच. "मावशी, तुमचा वेगळा केसपेपर का नाही काढला?"

"कशाला वो? आमी दोघं मिळून एक कोयता. मुकादम जोडप्याला एकच धरतो. मंग पेपर दोन कशाला?"

वंदनाने बाकावर बसून अशी बरीच जोडपी शोधली आणि त्यावरच आपला रिसर्च लिहिला. माणसं दोन, बीपी दोघांना, पेपर एक! इतकी वर्षं प्रॅक्टिस करून मी कुणाला हे विचारलं नव्हतं. तेव्हा राग माझाच आला.

*

त्या विद्यापीठाला एका हॉस्पिटलकडून एकाच विद्यार्थ्याचं पत्र चालतं. आमच्या सरांनी, म्हणजे हॉस्पिटलच्या मालक सर्जननी, ते आर्यनला दिलं. सरांच्या मित्राचा मुलगा. दोनदा आला, त्यात एकदा पार्किंग मिळेना म्हणून परत गेला! वर वंदनाचा रिसर्चही त्याच्याच नावावर. मी कडाकडा भांडले.

सर म्हणाले, "तिला पुढच्या वर्षी देऊ की."

हे वंदनाला सांगताना मला तिच्याकडे बघवेना. ती म्हणाली, "पुढच्या वर्षी घरचे माझं लगीन करतेत, मॅडम. मंग मी बी अर्धा कोयता."

*

आर्यनची मुलाखत ऑनलाइन होती, आमच्याच हॉस्पिटलमधून. हॉस्पिटलचं कुणीतरी शेजारी हवं असा नियम होता. सर ऑपरेशनमध्ये अडकले, म्हणून मी बसले. बाहेर बाकावर वंदना नेहमीसारखी पेशंटशी बोलत होती.

पडद्यावरच्या प्राध्यापक बाईंनी रिसर्चचं भरभरून कौतुक केलं. मग विचारलं, "नवरा-बायको गोळ्या वाटून घेतात, हे तुला कळलं कसं?"

आर्यन हसला. "सिंपल, मॅम! नवऱ्याचा आणि बायकोचा, दोन्ही केसपेपर शेजारी शेजारी ठेवून बघितले."

बाईंनी हातातली पानं पुन्हा चाळली. "डॉक्टर, ते दोन पेपर दाखवता?"

मी उठले आणि दार उघडलं.

"वंदना, आत ये."