मुकादमाची तहान

रस्त्यावर खडी पडली की फुटलेल्या दगडाचा करपट वास येतो आणि मला श्रीगोंद्याकडचं दुष्काळी काम आठवतं. बाया खडी फोडायच्या, मी पाणी वाटायची. शाळेतल्या बाईंनी मला एक पुस्तक दिलं होतं. त्यात देशाचा इतिहास होता, पण राजांचा नाही, तर ज्यांना वेठीला धरून किल्ले बांधून घेतले त्यांचा. भाकरीच्या सुट्टीत लाजत लाजत मी ते वाचून दाखवत होते. शेजारची म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "आगं, आपल्याला बी पुस्तकात घेतलं की!" तेवढ्यात मुकादमानं पुस्तक ओढून टराटरा फाडलं. "इतिहास राजांचा असतुया, धोंडं व्हानाऱ्यांचा कसला आलाय? उठा, लागा कामाला!" ऊन चढल्यावर त्यानंच ओरडून पाणी मागितलं. घागरीतलं शेवटचं पाणी मी म्हातारीच्या ओंजळीत ओतलं आणि म्हणाले, "तुमच्या राजांकडं मागा की, मुकादम." बाया खो खो हसल्या. विहीर लांब होती. तो भर उन्हात पाय ओढत एकटाच गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं मला कामावरून काढलं, घरी बोलणी बसली. पण त्याचे ते सुकलेले ओठ आठवले की या वयातही माझ्या जिवाला गार वाटतं.