सगळ्या तंगड्याच दे

चिकन-भात करायला मला चाळीस मिनिटं लागतात. रागात असले तर पस्तीस. त्या बुधवारी मी रागात होते, आणि राग कुणावर काढायचा हे मला पक्कं ठाऊक आहे असं मला वाटत होतं.

आधी झालं काय ते सांगते. आमचं गाव सिंदेवाहीच्या पुढे, जंगलाला लागून. गावाला जुना मालगुजारी तलाव आहे, जमीनदारांच्या काळात बांधलेला. आमच्यासारखी मासेमारांची घरं त्यात जाळं टाकतात आणि सगळं गाव त्याच्या पाण्यावर धान काढतं. पलीकडच्या टेकडीवर मुरमाची खाण घेतलेल्या ठेकेदाराला आपले ट्रक तलावाच्या पाळीवरून न्यायचे होते. पाळ मातीची. भरलेले ट्रक एक पावसाळा तिच्यावरून गेले की तलाव संपला, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. ठेकेदाराला गावाची नाहरकत हवी होती. ती त्याने कशी मिळवली? शाळेच्या पटांगणात चिकन-भात घालून.

सण नाही, लग्न नाही, तेरवी नाही. ठेकेदाराचा दलाल शेजारच्याच गावचा. गोड बोलणारा, दिसेल त्याला भाऊ आणि दिसेल तिला बाई म्हणणारा. संध्याकाळी मोठमोठे गंज, म्हणजे पातेली, घेऊन आला आणि शाळेच्या दारात वही घेऊन बसला. "या भाऊ, बसा जेवाले. फक्त आधी इथी सही करा, ताटं मोजाची हायेत." लोकांनी सह्या केल्या, अंगठे दिले, जेवले, घरी गेले. पुढे ती ताटांची यादी नाहरकतीच्या ठरावामागे टाचलेली निघाली.

मी तेव्हा संघटनेच्या कामाला चंद्रपूरला होते. ठरावाचं पहिलं पान मोबाइलवर आलं. सह्यांचं पान आलं नव्हतं. मी थांबले का? मी कधी थांबते? बसल्या बैठकीला पत्रक लिहून काढलं. मथळा: ‘एका तंगडीसाठी तलाव विकणाऱ्यांनो, लाज वाटते का?’ पुढे तीन उद्गारचिन्हं. मला पत्रकं लिहायला शिकवणारी ताई म्हणायची, मथळा वाचणाऱ्याच्या कानाखाली बसला पाहिजे. हा बसला. बाजाराच्या दिवशी संघटनेच्या पोरींनी ते पत्रक भाजीच्या पालापासून बांगड्यांच्या दुकानापर्यंत वाटलं. लोक उभ्याउभ्या वाचत होते आणि मी खूश होते.

आठवड्याने सह्यांचं पान हाती आलं. पहिलीच सही माझ्या बापाची.

ती सही मी हजारात ओळखीन. बाबा शाळेत गेले नाहीत. साक्षरतेच्या वर्गात पाटीवर गिरवून गिरवून त्यांनी नाव लिहिणं कमावलं. शेवटच्या अक्षराखालून एक रेघ मागे नेतात आणि तिच्याखाली दोन टिंबं देतात. रेशनच्या दुकानात अंगठ्याची मशीन आली तेव्हा गावात एकटे तेच नाराज झाले होते. त्या पानावर रेघही होती आणि दोन टिंबंही.

मी गावी आले तोवर माझ्या मथळ्याने आपलं काम केलं होतं. शब्द माझा, पण तो जाऊन चिकटला बाबांना. पानठेल्यावरून पोरं ओरडत, "काय तंगडीभाऊ, कुठी चाल्ले?" सोसायटीच्या कट्ट्यावर बाबांनी जाणं सोडलं. पहाटे सगळ्यांच्या आधी तलावावर जायचे आणि सगळ्यांच्या आधी परत यायचे. मला बोल लावला नाही. पत्रक मात्र घडी घालून त्यांनी देवळीत, रेशनकार्डाखाली ठेवलं होतं. आणि घरात कोंबडी शिजणं बंद झालं होतं.

आता तो बुधवार. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामसभा होती. ‘ताटं मोजायची म्हणून सही घेतली, आमची फसवणूक झाली, ही सही आम्ही मागे घेतो’ असा अर्ज मी लिहून ठेवला होता. ज्याने सही केली त्यानेच सभेत उभं राहून तसं सांगायचं आणि अर्जावर सही करायची. मी आठ दिवस घरोघर फिरले. सगळीकडे एकच उत्तर: "पयली सही ज्याची होती त्यानं पयले उठावं. मंग आमी हावोच." आणि पहिली सही ज्याची होती तो माणूस ओसरीवर बसून जाळं विणत होता.

"बाबा, उद्या चला."

"नाई."

"काऊन?"

"लोक हासन. उठलो का कोणीतरी तंगडी म्हणन. मंग मी काय बोलू?"

मी सुरू झाले. पाणी, हक्क, ठेकेदार, गुलामी. बाबांनी सुताला गाठ मारली आणि म्हणाले, "वडशाच्या झाडीपट्टी नाटकातली बाई वरडते तशी वरडून राह्यली तू. तिले निदान तिकीट रायते."

माय सुपात तांदूळ निवडत होती. ती हसली नाही. मला आत बोलावून म्हणाली, "तुह्या कागदानं त्यायचं जेवण गेलं. पयले जेवण आण. मंग सभा."

मला तेवढंच पाहिजे होतं. चिकन-भातानेच सही नेली ना? चिकन-भातानेच परत आणते. सायकल काढली आणि चौकात गेले.

गावरान घ्यायला वेळ नव्हता, ती शिजता शिजता सभा उरकली असती. बॉयलरच घ्यायची होती. दुकानदार सुरा पुसत दात काढून म्हणाला, "बाई, तुले तंगडी देऊ का?" बाजूच्या बाकड्यावरचे दोघं खोकल्यासारखं हसले.

"दे," मी म्हटलं. "छाती नको, पंख नको. सगळ्या तंगड्याच दे. आणि उद्या सभेला ये, कोणी किती खाल्ल्या ते तिथी सांगते."

बाकड्यावरचा खोकला थांबला.

घरी आले तेव्हा दिवे लागले होते. आमच्या शेगडीला दोन बर्नर. एकावर कढई ठेवली, दुसऱ्यावर सुक्या खोबऱ्याची वाटी सरळ जाळावर धरली. खोबरं काळं होईपर्यंत भाजायचं, मग रस्सा काळपट लाल होतो. कढईत जवसाचं तेल, तेलात तेजपान, लवंग, मिरे, आणि वर उभा चिरलेला कांदा. लसूण-आलं मिक्सरमध्ये दोन मिनिटांत झालं असतं, पण मी खलबत्ता घेतला. पहिल्या घावाला ठेकेदार. दुसऱ्याला दलाल. तिसऱ्याला ते दोघं खोकणारे. चौथ्याला पानठेल्यावरची पोरं. लसूण इतका बारीक माझ्या हातून कधी झाला नव्हता.

"कांदा जळून राह्यला," ओसरीवरून आवाज आला.

"लाल होऊन राह्यला!"

"लाल झाल्याचा वास येगळा रायते."

वाकून पाहिलं तर कडेचा कांदा खरंच जळत होता. गुपचूप हलवला. लसूण, तिखट, धणे, वाटलेलं खोबरं घातलं. तेल सुटल्यावर तंगड्या टाकल्या, मीठ-हळद लावून परतल्या आणि सगळं कुकरमध्ये उलटलं. दोन शिट्ट्या पुरे, बॉयलरला तिसरी दिली तर हाड आणि मांस वेगळं होतं. मग दुसऱ्या बर्नरवर भाताचं पाणी मोजायला लागले. रोजच्यासारखं, एका वाटीला अडीच.

जाळं खाली पडल्याचा आवाज आला. बाबा दारात उभे.

"किती पाणी घातलं?"

"अडीच."

"पोरी, हे नवं धान हाय. महिनाबी नाई झाला कांडून. अडीच घातलं तर घाटा होईन, चमच्यानं खा लागन." त्यांनी माझ्या हातातून गंज घेतला, अर्धं पाणी मोरीत ओतलं, पहिल्या पेरापर्यंत बोट बुडवून पाहिलं आणि गंज जाळावर ठेवला. बाहेर परत गेले नाहीत. शेगडीशेजारी पाटावर उकिडवे बसले.

कुकरची पहिली शिट्टी झाली. बाबांनी वासाकडे नाक केलं आणि लगेच वळवलं.

"त्या दिवशीचं चांगलं होतं का?" मी विचारलं. खरं तर टोमणाच मारला होता.

"मीठ बराबर होतं," ते म्हणाले. मग म्हणाले, "तू लिवलं ते खोटं हाय."

मी झारा आपटला. "काय खोटं आहे? तुमची सही आहे त्या पानावर!"

"सही माही हाय. तंगडी खोटी हाय."

"म्हणजे?"

"मले तंगडी नाई भेटली. मले पाठ भेटली. दोन हाडं अन् रस्सा. तंगड्या त्यायच्या लोकायले वाढल्या, खुर्च्यावर बसले होते त्यायले. दलालाच्या ताटात दोन होत्या, म्या माह्या डोयानं पाह्यल्या." बाबांचा आवाज चढला. महिन्याभरात पहिल्यांदा. "अन् तू लिवते तंगडीसाठी! तू होती का तिथी? इचारलं कोणाले? साऱ्या बाजारात माहं नाव तंगडी, अन् तंगडी तर म्या पाह्यलीच दुरून!"

माय तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली. तिचे खांदे हलत होते.

मला हसू आलं नाही. मी दुसऱ्यांना सांगत फिरते की सरकार न पाहता लिहितं, कागदावर एक आणि जमिनीवर एक. आणि मी?

"मग सही कशाला केली?" मी हळू विचारलं.

बाबा भाताच्या गंजाकडे पाहत होते. "तो म्हणे, भाऊ, तुमची सही लय सुंदर येते, तुमीच सुरू करा. बाकीचे अंगठे देऊन राह्यले होते. म्या म्हतलं, करतो." गंज जरा सरकवून म्हणाले, "कोणी आजपर्यंत मले सही नाई मागतली. अंगठाच मागते."

दुसरी शिट्टी झाली. मी गॅस बंद केला. त्या क्षणी माझा राग कुठे जायचा ते नीट ठरलं. एका म्हाताऱ्याच्या कमाईला हात घालून तलाव काढून घेणारा माणूस मला दिसला, दोन तंगड्या ताटात घेऊन खुर्चीवर बसलेला. मला त्याचा पराभव नको होता. मला त्याची फजिती पाहिजे होती. गावासमोर, दिवसाढवळ्या.

वर सांबार घातला, म्हणजे तुमची कोथिंबीर. भात मोकळा झाला होता, दाणा न् दाणा. मायने बाबांच्या ताटात दोन तंगड्या वाढल्या आणि मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "घ्या. आता कोणी म्हतलं तर खरं तरी होईन."

बाबांनी ताट जवळ ओढलं. मग एक तंगडी उचलली आणि हाडापर्यंत साफ केली. मधेच एकदा म्हणाले, "तिखट जास्त झालं. रागात कुटलं का?" दुसरी तंगडी मात्र त्यांनी उचलून कडेला ठेवली. जेवण झाल्यावर मायला म्हणाले, "डब्बा दे. झाकणाचा."

"कशाले?"

"सभेत नेतो."

रात्री देवळीतलं पत्रकही त्यांनी काढून खिशात घातलं.

सकाळी समाजमंदिरात माणूस मावत नव्हता. ठेकेदाराच्या वतीने दलाल पुढे, टेबलाला टेकून खुर्चीवर. अर्जाचा विषय निघाला आणि सगळे खाली पाहायला लागले. मागून कोणीतरी बारीक आवाजात म्हणालंच, "तंगडी!"

बाबा उठले. त्यांनी खिशातलं पत्रक उघडून वर धरलं. "हे माह्या पोरीनं लिवलं. ह्यात एक चूक हाय. मले तंगडी नाई भेटली, पाठ भेटली. बाकी बराबर हाय." सभा हसली. बाबा हसले नाहीत. ते टेबलापाशी गेले, डबा दलालासमोर ठेवला आणि झाकण काढलं. थंडीने रस्सा तंगडीवर गोठला होता.

"भाऊ, हे काय?" दलाल अजून गोडच बोलत होता.

"जेव. आमाकडून." बाबांनी टेबलावरचा माझा अर्ज उलटा केला, कोरी बाजू वर, आणि पेन त्याच्या हातात द्यायला पुढे केलं. "फक्त आधी इथी सही कर. ताटं मोजाची हायेत."

दलालाने पेनाकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि हात मागे घेतला. बस्स. कोरा कागद दिसला आणि त्याने हात मागे घेतला, आणि ते सगळ्या गावाने पाहिलं. आधी मागे बसलेल्या बाया हसल्या, मग पानठेल्यावरची पोरं, मग तो चिकनवाला. दलाल उठला, पण दारात इतकी गर्दी होती की त्याला बाहेर पडायलाही सगळ्यांना भाऊ, भाऊ करावं लागलं.

बाबांनी कागद सरळ केला आणि सही केली. सावकाश. शेवटच्या अक्षराखालून रेघ मागे नेली. दोन टिंबं दिली. मग पेन मागच्या माणसाकडे केलं, आणि रांग लागली.

अर्ज तालुक्याला गेला आहे. उत्तर आलेलं नाही, ट्रकही पाळीवर आलेले नाहीत. ठेकेदार दुसरा दलाल शोधतो आहे असं ऐकते. शोधू दे. आमच्या गावात आता कोणी जेवायला बोलावलं की लोक आधी विचारतात, सही कोण करून राह्यलं.

पुढच्या पत्रकात मी सगळ्यात वर दुरुस्ती छापली: तंगडीच्या जागी पाठ वाचावे. बाबांनी ती बोट ठेवून वाचली आणि म्हणाले, "रस्सा पातळ होता. तेबी लिव."