बाझेल खुर्दचे मामा

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या माउंट रॉस्किल भागात राहून स्वित्झर्लंडमधल्या एका वस्तीची काळजी वाहणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच असेल, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा आहे. मामा स्वित्झर्लंडला कधीही गेलेले नाहीत. ठाण्याच्या एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून उमेदीची वर्षं काढून ते मुलाकडे ऑकलंडला आले आणि आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. पण बाझेल शहरात ऱ्हाइन नदीच्या उजव्या काठाला जो भाग आहे, तिथली कुठली गल्ली कुठल्या चौकाला मिळते हे त्यांना तोंडपाठ आहे. त्या भागाचं नाव क्लाइनबाझेल, म्हणजे धाकटं बाझेल. थोरलं नदीपलीकडे. मामांनी याचा निकाल केव्हाच लावून टाकला होता. "सोपं आहे, जावईबापू. ते बाझेल बुद्रुक आणि हे आपलं बाझेल खुर्द." त्यातलं 'आपलं' मला तेव्हा खटकलं. मामींना अजून खटकतं. "बाझेलच्या गल्ल्या पाठ, आणि कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणायला पाठवलं की रस्ता चुकतात," असं त्या आल्यागेल्याला सांगतात. ते खोटं नाही. एकदा मीच मामांना दुधाच्या बाटलीसकट भलत्याच बसस्टॉपवरून उचलून आणलं आहे.

त्यांच्याकडे चहाला गेलं की इतिहास आलाच. बुद्रुकात विद्यापीठ आणि पैसेवाले, खुर्दात कामगार आणि रंगाचे कारखाने. कारखान्याचं पाणी नदीत सुटलं की काठचं पाणी रंगून जायचं, हे सांगताना मामांचा आवाज असा काही हळवा होतो, की प्रदूषणाबद्दल बोलायचा आपल्याला धीर होत नाही. नदी ओलांडायला तिथे बिनइंजिनाची नाव आहे. वर तार बांधलेली, आणि ढकलायचं काम प्रवाहाचं. पण त्यांचा खरा जीव खुर्दवाल्यांच्या सणावर. ऐन थंडीत एक रानमाणूस उपटलेलं झाड हातात घेऊन तराफ्यावरून येतो, आणि नाचतो तो सबंध वेळ बुद्रुककडे पाठ करून! "याला म्हणतात स्वाभिमान," मामा म्हणतात. आमच्या घरच्या पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, त्यांनी बागेतली एक फांदी मोडून घेतली आणि डेकवर ते नाचून दाखवलं. पाठ कुणाकडे करायची असा प्रश्न आला, तेव्हा त्यांनी ती शहराच्या दुसऱ्या टोकाच्या हेन्डरसनहून आलेल्या मंडळींकडे केली. माझी मुलगी म्हणाली, "आजोबा, यू आर सो रँडम!" हेन्डरसनची मंडळी नंतर गुलाबजाम न घेताच निघाली.

तिकडच्या माणसांचं वागणंही ते इकडे लागू करतात. खुर्दातले लोक उन्हाळ्यात ऑफिस सुटल्यावर कपडे एका पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालतात आणि नदीतून तरंगत घरी जातात, हे कळल्यावर मामांनी टॉग्ज, म्हणजे इथले पोहण्याचे कपडे, विकत घेतले, शर्ट-पँट प्लास्टिकच्या पिशवीत बांधली आणि मला टॉवेल देऊन बीचच्या दुसऱ्या टोकाला उभं केलं. समुद्राला नदीसारखी ओढ नव्हती. मामा बराच वेळ होते तिथेच तरंगत राहिले आणि शेवटी भिजलेल्या पँटसह चालत आले. आणखी एकदा, रविवारी मी लॉन मोव्हर सुरू करतोय तोच ते कुंपणाशी हजर. "बंद करा! रविवारी आवाज करत नाहीत." म्हटलं, "मामा, इथे रविवारीच करतात." ते म्हणाले, "आमच्याकडे नाही चालत." आमचं गवत त्या आठवड्यात तसंच वाढलं.

हे वेड आलं कुठून, याचं मला फार कुतूहल होतं. मामांना विचारलं की ते विषय नावेवर नेत. अखेर मामींनी सांगितलं. त्यांची मुलगी रेवा नोकरीसाठी एकटी बाझेलला गेली. इमारतीत कपडे धुण्याचं मशीन तळघरात, सगळ्यांत मिळून एक, आणि प्रत्येकाची पाळी ठरलेली. रेवाने नकळत दुसऱ्याच्या पाळीला कपडे लावले. खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंनी तिला जिन्यातच झापलं. "बाबा, इथे माझं कुणी नाही," म्हणून पोरगी फोनवर रडली. डॉक्टरांनी मामांना विमानप्रवास बंद केलेला. जाता येत नाही म्हटल्यावर या माणसाने अख्खी वस्तीच शिकायला घेतली. आधी पाळ्यांची पद्धत समजून घेतली, मग लेकीला सांगितलं, "शंकरपाळे कर, आजींना नेऊन दे आणि माफी माग." आणि तिथून रोजचा नेम सुरू झाला. तिची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ. ती ऑफिसला चालत निघाली की मामा कानाला फोन लावून इकडे चालू लागायचे. "डावीकडे बेकरी आली ना? वास घे. आता रूळ आहेत. ट्राम जाऊ दे, मग ओलांड." पूल आला की ती "बाय, बाबा" म्हणायची. मामी म्हणाल्या, "दूध आणताना रस्ता का चुकतात, कळलं ना?"

रेवा आता तिथे छान रुळली आहे. आजीबाई तिच्याकडून शंकरपाळे शिकल्या. ऑफिसला जाताना सोबतीला एक मैत्रीण असते, त्यामुळे फोन येतो तो रविवारी. मामांनी या आनंदात आम्हाला पेढे दिले. आता त्यांचं बाझेल सुटेल, असं आम्ही सगळे धरून चाललो.

परवा संध्याकाळी घरी येत होतो, तर मामा आमच्या रस्त्याच्या कडेला उभे. कानाला फोन नव्हता. रस्ता अगदी मोकळा. मी काच खाली केली. "मामा, घरी सोडू का?"

"थांबा, जावईबापू. ट्राम जाऊ द्या."

आमच्या रस्त्यावर बससुद्धा धड येत नाही. गाडी बाजूला लावून मी त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो.

"रेवाजवळ बोलू नका हं," ते समोर बघत म्हणाले. "मी अजून रोज पुलापर्यंत जातो म्हणून. उगीच मनाला लावून घेईल. चांगलं चाललंय तिचं."

"नाही बोलणार," मी म्हणालो.

मामांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"हं. गेली," ते म्हणाले, आणि आम्ही दोघांनी रस्ता ओलांडला.